साथ, मृत्युभय आणि दांपत्य

फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतात झिव्री नावाचे एक लहानसे गाव आहे. चौदाव्या शतकात तेथील वस्ती दीडदोन हजारांच्या आतबाहेर असावी. या गावच्या चर्चमधील पाद्र्याने दफनविधी व लग्नविधी यांबद्दल मिळालेल्या दक्षिणेचा हिशेब एका वहीत टिपून ठेवला होता, आणि सन १३३४ ते १३५७ या काळातील ती वही सुदैवाने आजवर टिकून राहिली आहे. वहीचा हेतू केवळ जमाखर्चाचा. तीत कोणाचा शोक नाही, उपदेश नाही की भाषेचा अलंकार नाही. एरवी वर्षाकाठी सुमारे तीस मृत्यू पाहणाऱ्या या गावात १३४८ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतच्या चौदा आठवड्यांत ६१५ माणसे पुरली गेली. ज्या महामारीस पुढे 'काळा मृत्यू' हे नाव पडले, तिची ती लाट होय. त्या सालात लग्नाची दक्षिणा देण्यास एकही मनुष्य चर्चमध्ये आला नाही. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १३४९ मध्ये, जेथे एरवी पंधरावीस लग्ने व्हावयाची तेथे ८६ लग्ने झाली.

सहाशे पंधरा, शून्य आणि शहाऐंशी! इतिहासाच्या अभ्यासकास इतके थोडे शब्द वापरून इतके पुष्कळ सांगणारा कागद क्वचितच सापडतो. आईबाप, नवरा, बायको, लेकरे मातीआड करून आलेली ही माणसे काही महिन्यांच्या आत बोहल्यावर उभी राहिली, ती कोणत्या मनःस्थितीत? त्यांस निर्लज्ज म्हणावे की शूर म्हणावे? मरणाच्या भयाचा मनुष्याच्या चित्तस्वास्थ्याशी आणि त्याच्या कामजीवनाशी नेमका संबंध तरी काय? हा विषय कुटुंबात मोकळेपणाने बोलण्याचा मानला जात नाही, हे मला ठाऊक आहे. तथापि साथीच्या इतिहासातून तो वगळला, तर त्या इतिहासात प्रेतांची गणती तेवढी उरते. जिवंत माणसे उरत नाहीत.

या प्रश्नाला जुन्या ग्रंथकारांनी दिलेली उत्तरे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिले उत्तर नीतिवाद्यांचे. त्याचे मूळ ग्रीक इतिहासकार थुसिडिडीज याच्या लेखनापर्यंत जाते. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्स नगरीत जी साथ आली तिचे वर्णन त्याने केले आहे. तो स्वतः त्या रोगाने अंथरुणास खिळून पुन्हा उठला होता, म्हणून त्याच्या शब्दाला साक्षीदाराचे वजन आहे. उद्या आपण असू की नाही याचा भरवसा उरला नाही, तेव्हा लोकांस क्षणिक सुख तेवढेच खरे वाटू लागले, देवांचा धाक व कायद्याचा धाक दोन्ही सुटले, असे तो सांगतो. हा उतारा पुढच्या दोन हजार वर्षांतील प्रत्येक उपदेशकाने उचलला आहे. परंतु त्याच वर्णनात तो आणखीही दोन गोष्टी सांगतो, त्या मात्र फारशा कोणी उचलल्या नाहीत. एक अशी की, मित्रांस एकटे मरू देणे ज्यांस लाजिरवाणे वाटले असे लोक आजाऱ्यांच्या घरी जात राहिले आणि तेच पुष्कळ संख्येने मेले. दुसरी अशी की, जे रोगातून उठले त्यांच्याच ठिकाणी मरणाऱ्यांविषयी सर्वांत अधिक करुणा दिसली. कारण त्यांस रोगाची ओळख होती आणि स्वतःविषयीची भीती उरली नव्हती. म्हणजे स्वैराचार आणि सेवा ही दोन्ही एकाच नगरीत, एकाच भयाच्या पोटी जन्मास आली.

दुसरे उत्तर निसर्गवाद्यांचे. पॅरिसचा एक कार्मेलाइट पंथीय साधू, झां द व्हनेत, याने आपल्या बखरीत लिहिले आहे की, १३४८ ची साथ ओसरताच उरलेल्या स्त्रीपुरुषांनी एकमेकांशी धडाक्याने लग्ने लावली. वांझ अशी कोणी दिसेना, जिकडे तिकडे गर्भवती स्त्रिया दिसू लागल्या, कित्येकींस जुळी व तिळी झाली. रिकामी झालेली सृष्टी पुन्हा भरून काढण्याची ही निसर्गाची तजवीज, असा या वर्णनाचा अर्थ लोक करीत आले. अलीकडच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यात भर घातली ती अशी की, मेलेल्यांच्या जमिनी व धंदे मोकळे झाले, मजुरी वाढली, म्हणून ज्यांस पूर्वी संसार मांडणे परवडत नव्हते त्यांस तो परवडू लागला. यात तथ्य आहेच. परंतु या साधूने पुढे जे लिहिले तेही वाचले पाहिजे. इतके सगळे होऊनही जग सुधारले नाही. माणसे पूर्वीपेक्षा अधिक लोभी, अधिक भांडखोर व अधिक कज्जेदलाल झाली, अशी त्याची तक्रार आहे. लग्ने झाली, पाळणे हलले. परंतु मने स्वस्थ झाली नाहीत. आज मानसशास्त्रज्ञ ज्यास आघातानंतरची चित्तविकृती म्हणतील, तिचेच हे मध्ययुगीन निदान नव्हे काय?

माझ्या मते या दोन्ही उत्तरांत एक समान उणीव आहे. दोघांचीही दृष्टी शहाऐंशीच्या आकड्यावर खिळलेली आहे. त्याच्या अलीकडे जे शून्य आहे तिकडे कोणी पाहत नाही. साथीतील मरण हे युद्धातील किंवा दुष्काळातील मरणासारखे नसते. तरवार शत्रूच्या हातात असते, दुष्काळ आभाळातून येतो. साथ मात्र आपल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगावरून येते. म्हणून तिची भीती पहिला घाव घालते तो स्पर्शावर. फ्लॉरेन्स शहरातील त्याच वर्षीच्या साथीचे चित्र बोकाचिओ याने आपल्या 'डेकामेरॉन' ग्रंथाच्या आरंभी काढले आहे. त्यात ऐषआराम करणारे लोक आहेत आणि कडीकुलपात बसून मिताहार करणारेही आहेत. परंतु त्यातील सर्वांत भयंकर वाक्ये आहेत ती भावाने भावास, पत्नीने पतीस आणि प्रत्यक्ष आईबापांनी लेकरांस टाकल्याची. तेथेच तो एक चमत्कारिक निरीक्षण नोंदवतो. शुश्रूषेस स्त्रिया मिळेनाशा झाल्याने मोठमोठ्या घरच्या स्त्रियांस पुरुष नोकरांकडून शुश्रूषा करून घ्यावी लागली, शरीर त्यांच्यापुढे उघडे करावे लागले. आणि ज्या बऱ्या झाल्या त्यांच्या ठिकाणी पुढे पूर्वीची लज्जा राहिली नाही, याचे कारण कदाचित तेच असावे. बोकाचिओला यात नीतीचा ऱ्हास दिसला. मला यात असे दिसते की, जिला नवऱ्याने टाकले आणि परक्या नोकराने पाणी पाजले, त्या स्त्रीच्या मनातील आपपर, विहित व निषिद्ध यांच्या सर्व रेषाच पुसल्या गेल्या होत्या. अशी मने पुन्हा माणसांत आली ती स्पर्शाच्याच वाटेने. झिव्रीची ८६ लग्ने मला मौजेची वाटत नाहीत. वर्षभर एकमेकांस भिणाऱ्या माणसांनी एकमेकांचा धरलेला तो हात आहे.

ही कसोटी आपल्या घरच्या इतिहासास लावून पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. पुढील फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाख वस्तीच्या त्या शहरातील जवळजवळ निम्मी माणसे पळून गेली, आणि त्यांच्यामागून रोग पुण्यास पोहोचला. या रोगाचे लक्षण म्हणजे काखेत, मानेत किंवा जांघेत येणारी गाठ. रोगी शोधावयाचा तर नेमका देहाचा तोच भाग तपासावयास हवा, जो कुलीन स्त्री आपल्या वैद्यासही दाखवीत नसे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चपासून रँडसाहेबाच्या हुकमाखाली गोरे सोजीर पुण्यातील घरे तपासू लागले. स्वयंपाकघरे व देवघरे यांत बूट गेले, सामान रस्त्यावर आले, रोग्यास इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांस सेग्रिगेशनच्या छावणीत नेण्यात आले. आपल्या बायकांस परपुरुषासमोर अंग दाखवावे लागते, ही तक्रार तर सर्वतोमुखी होती. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. या कृत्याची राजकीय चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ज्या क्षोभातून ते घडले, त्याच्या तळाशी स्त्रीदेहाच्या मर्यादेचा प्रश्न होता, हे विसरता येत नाही.

या प्रकरणातील एक उपकथा मला फार बोलकी वाटते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वर्तमानपत्रात सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप प्रसिद्ध केला. परत आल्यावर त्यांस पुरावा मिळाला नाही, आणि त्यांनी आरोप मागे घेऊन माफी मागितली. आरोप खरा होता की खोटा, याचा निकाल या माफीने लागत नाही. एवढे मात्र खरे की, तो सिद्ध करण्याचा मार्ग एकच होता. त्या स्त्रीने स्वतः पुढे येऊन बोलावयास हवे होते. आणि जी बोलेल तिला पुन्हा घरात घेण्याची तयारी ज्या समाजात नव्हती, त्या समाजात हा मार्ग आरंभीच बंद होता. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या छावणीत स्त्रियांस मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्याच वर्षी जाहीरपणे लिहिले, तेव्हा त्यांचा आवाज एकाकीच होता. साथीत देहाची विटंबना होते ती सरकारच्या हातून. तिच्यावर मौनाची शिळा ठेवली जाते ती मात्र आपल्या हातांनी.

मृत्युभय आणि कामजीवन यांची गाठ कशी अनपेक्षित ठिकाणी पडते, याचे आणखी एक उदाहरण याच काळातील आहे. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लस टोचण्यास प्रारंभ होताच ज्या कंड्या उठल्या त्यांत एक अशी होती की, तिने पुरुषाचे पौरुष जाते आणि स्त्रीची कूस उजवत नाही. वाचकांस हे अज्ञानयुगातील वेड वाटेल. परंतु करोनाची लस आली तेव्हा, ३ जानेवारी २०२१ रोजी, भारताच्या औषध महानियंत्रकांस जाहीरपणे सांगावे लागले की, या लशीने नपुंसकत्व येते ही वार्ता निखालस खोटी आहे. मध्ये सव्वाशे वर्षे गेली, विद्यापीठे निघाली, घरोघर वीज आली. आणि कंडी अक्षरशः तीच राहिली. याचे कारण केवळ अज्ञान असते तर ज्ञानाने ती गेली असती. मनुष्यास मरणाचे भय वाटते तेव्हा ते उघडपणे 'मी मरेन' असे बोलत नाही. 'माझ्यामागे काही उरणार नाही' या रूपाने ते बाहेर पडते. निर्वंश होण्याची भीती हेच मृत्युभयाचे सर्वांत जुने सोंग आहे. ही गोष्ट ओळखल्यावाचून केवळ खंडनाची पत्रके काढणे म्हणजे आजार एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असा प्रकार होय.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे १८९७ नंतर ते शहाऐंशी कोठे गेले? प्लेगाने नंतरची कित्येक वर्षे आपला मुक्काम हलविला नाही. ज्या घरांत पत्नी गेली तेथे वर्षाच्या आत दुसरी आली. याला कोणी आश्चर्य मानले नाही. परंतु ज्या घरात पती गेला तेथे काय झाले? पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसला होता, आणि प्लेग मुंबईत दिसला त्याच १८९६ सालात त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला होता. ज्या जातींत पाटाची चाल होती तेथील स्त्रियांस काही वाट मोकळी होती. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांत ती नव्हती. १९२१ च्या खानेसुमारीत सगळ्या हिंदुस्थानात अडीच कोटींहून अधिक विधवा मोजल्या गेल्या. झिव्रीच्या वहीत साथीनंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या स्त्रिया व पुरुष दोन्ही आहेत. आपल्या वहीत पुरुषांचे रकाने भरलेले आहेत, आणि स्त्रियांच्या रकान्यात अंधाऱ्या माजघरात बसलेले एक अखंड शून्य आहे. मृत्यूची भीती संपल्यावर जगण्याकडे परतण्याचा हक्क कोणास आहे, हे महामारी ठरवीत नाही, समाज ठरवितो.

यानंतर १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला. आपल्या लोकांनी त्याला 'मानमोडी' असे समर्पक नाव दिले. जूनमध्ये मुंबईत त्याची पहिली लाट आली ती सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरातील दुसरीने हाहाकार केला. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. साऱ्या देशात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसे गेली असावीत असे निरनिराळे अंदाज आहेत. या साथीची दुष्टता अशी की, तिने वृद्धांपेक्षा तरण्याताठ्यांस अधिक गाठले, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक नेल्या. ज्यांनी घरातील आजाऱ्यांची उशीपायथी सोडली नाही त्याच आधी पडल्या, असा याचा एक अर्थ लावला जातो. १९१९ मध्ये जन्मांची संख्या एकदम खाली आली. आया मेल्या, गर्भ गळाले, हे तर खरेच. परंतु ज्या महिन्यांत घरोघर कण्हणे चालू होते, त्या महिन्यांत दांपत्यजीवनही थांबले होते, हेही त्या आकड्यात आले. १९११ ते १९२१ हे दशक आपल्या खानेसुमारीच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले.

याच साथीच्या अखेरच्या लाटेत, जानेवारी १९२० मध्ये, सिग्मंड फ्रॉइड याची सव्वीस वर्षांची कन्या सोफी दोन लेकरे मागे ठेवून मरण पावली. त्या वेळी ती तिसऱ्यांदा गर्भवती होती. त्याच वर्षी फ्रॉइडचा तो प्रसिद्ध प्रबंध निघाला, ज्यात जीवनाकडे ओढणारी कामप्रेरणा आणि मरणाकडे ओढणारी प्रेरणा यांचे द्वंद्व त्याने मांडले आहे. लोक या दोन घटनांची सांगड घालतील हे त्याने आधीच ओळखले, आणि सोफी धडधाकट होती तेव्हाच आपले लेखन अर्धेअधिक झाले होते, याची साक्ष एका मित्राकडून मिळवून ठेवण्याची त्याने खटपट केली. मला या खटपटीचे मोठे नवल वाटते. ज्याने आयुष्यभर इतरांच्या मनातील झाकलेले दुःख उघडे केले, त्यालाही आपले दुःख आपल्या सिद्धांतापासून वेगळे ठेवावेसे वाटले!

आणि शेवटी २०२० साल. ते आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. मार्चच्या अखेरीस दारे बंद झाली तेव्हा विनोदी मंडळींनी भाकीत केले की, नवरा-बायको घरात कोंडली गेली आहेत, आता नऊ महिन्यांनी पाळण्यांची दुकाने जोरात चालतील. घडले ते उलट. स्पेन, इटली इत्यादी देशांत त्या वर्षाच्या अखेरीस आणि पुढील जानेवारीत जन्मांची संख्या लक्षणीय घटली. काही देशांत ती तूट पुढे भरून आली, काहींत आली नाही. झिव्रीचे शून्य पुन्हा एकदा दिसले. सहवास वाढला म्हणजे जवळीक वाढते, हा भ्रम त्या वर्षाने फेडला. एकाच छपराखाली चौदा दिवस दाराबाहेर ताट सरकवून परत फिरणारी पत्नी. एका खोलीत सहा माणसे असल्याने मनातले दोन शब्दही बोलू न शकणारी जोडपी. नोकरी गेल्याच्या चिंतेत रात्र जागून काढणारा आणि पत्नीच्या स्पर्शाने दचकणारा पुरुष. बंद दारामागे नवऱ्याचा मार खाणारी आणि माहेरी जाण्याची वाटही बंद झालेली स्त्री. यांची दुःखे परस्परांहून भिन्न होती, पण त्यांचे मूळ एकच होते. त्या महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता व विषण्णता हे विकार जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने तर २०२० च्या मार्चमध्येच, रोगाच्या काळात शरीरसंबंधाविषयी काय काळजी घ्यावी याचे सरळ शब्दांतील पत्रक काढले होते. आपल्या घरांत हात धुण्याविषयी, वाफ घेण्याविषयी, काढ्याविषयी उदंड बोलणे झाले. पती-पत्नींनी एकमेकांजवळ जावे की न जावे, न जाववल्यास त्यात दोष कोणाचा, आणि भीतीने थिजलेले मन व देह पुन्हा कसे सैल होतात, याविषयी मात्र कोणी कोणास विचारले नाही. ज्या जोडप्यांत त्या महिन्यांत दुरावा आला, त्यांतील कित्येकांनी तो एकमेकांच्या प्रेमाचा अभाव समजून मनात धरला असेल. वस्तुतः तो पुष्कळदा केवळ भीतीचा अवशेष होता. आणि भीती ही शब्दांत सांगितली म्हणजे निम्मी होते, हा अनुभव कोणास नाही?

साथ ओसरली म्हणजे समाज स्मारके उभारतो, आकडे छापतो आणि कायदे दुरुस्त करतो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु झिव्रीच्या त्या पाद्र्याने नकळत एक मोठी गोष्ट केली. त्याने मेलेल्यांचा आणि लग्न केलेल्यांचा हिशेब एकाच वहीत, एकाच शाईने लिहिला. आपण या दोन वह्या वेगळ्या ठेवीत आलो आहोत. मृत्यूची वही आपण चारचौघांत उघडतो. दुसरी मात्र इतकी झाकून ठेवतो की, तीत कोणाचे पान कोरे राहिले हे शेजारच्या उशीवर डोके ठेवणाऱ्यासही कळत नाही. पुढची साथ येईल तेव्हा, आणि ती येणार नाही असे म्हणण्यास इतिहासात कोठेही आधार नाही, आपल्या वैद्यांनी, शिक्षकांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी या दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या. ६१५ चा आकडा कमी करणे बव्हंशी शास्त्राच्या हाती आहे. त्यानंतरचे शून्य किती काळ राहील, आणि ते ओलांडून परत येण्याची वाट कोणाकोणास मोकळी असेल, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.